‘चे’ आणि ‘च्या’

कार्यालयातल्या लेखनिक बाईंना सगळी शाळा पाठीमागे ‘व्याकरणबाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता. उलट सकाळी देवाचं नाव घेऊन कपाटाचं कुलूप काढताना त्या कधी कधी स्वतःशीच म्हणायच्या, देवानं ज्याच्या-त्याच्या हाती काही ना काही सोपवलंय. आपल्या हाती काना-मात्रा सोपवल्यात, तर त्या तरी नीट सांभाळाव्यात.

कार्यालयाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर सातवीतल्या एका मुलीची आई बसायची. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, दोन वर्षं. मुलीला लहानपणापासूनचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळची इन्सुलिनची सुई घरचे सांभाळत, पण मध्येच रक्तातली साखर झरझर उतरायची. हात कापायचे, ओठ पांढरेफटक पडायचे. तेवढ्यात ग्लुकोजच्या दोन गोळ्या चघळल्या, की दहा-पंधरा मिनिटांत गाडी रुळावर. पण त्या वेळेवर मिळायला हव्यात. पाचवीत असताना एकदा मैदानावर तिला असं झालं, आणि ती रुसून बसलीय असं समजून कुणी लक्षच दिलं नाही. पोर आडवी झाली. दुसऱ्या दिवसापासून आई बाकावर.

तेव्हापासून गोळ्यांची लाल डबी वर्गशिक्षिकेच्या कपाटात असायची. मुलांनी औषध स्वतःजवळ बाळगायचं नाही, असा शाळेचा नियमच होता. पण आईचा कपाटावर भरवसा नव्हता. दुसरी डबी तिच्या पर्समध्ये, आणि पर्स मांडीवर.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी कार्यालयात आली. आई पाणी भरायला गेली होती, तेवढा मोका साधून.

“बाई, तुम्ही माझ्या आईला घरी जायला सांगा ना.”

“का गं? मुली चिडवतात?”

“चिडवतात, तिला माझं शेपूट म्हणतात. त्याचं काही नाही. मी पण त्यांना काहीबाही म्हणते.” मुलगी टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावत होती. “पण बसून बसून तिचे पाय सुजतात. संध्याकाळी चप्पल निघत नाही. मला वाटतं माझ्यामुळेच झालं.”

बाईंनी टाचण्यांची डबी सरळ केली आणि म्हणाल्या, “बघते मी.”

त्याच आठवड्यात शाळेत चाळीस नवीन टॅब्लेट आले. सातवीच्या मुलांसाठी, हातात धरायचे, काचेवर बोट फिरवून धडे वाचायचे. त्याच आठवड्यात वरून फर्मान आलं, की आगीच्या घंटेची रंगीत तालीम घ्या. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, “दोन पत्रकं कशाला? एकातच उरका. तालमीचं आणि टॅब्लेटचं. आणि यंदा मसुदा तुम्हीच करा. मला दाखवायचीही गरज नाही, तुमचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.”

बाईंना कोण आनंद झाला! आजवर दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्रकांतल्या वेलांट्या सुधारण्यात जन्म गेला होता. आता पत्रक त्यांचं स्वतःचं. त्यांनी बाकावरच्या आईला आत बोलावलं.

“शुक्रवारी तालीम आहे. तुमच्या मुलीसाठी मी वेगळं कलम घालतेय. घंटा झाली, की वर्गशिक्षिका तिचं औषध घेऊनच खाली उतरतील. तुम्ही बघा. पटलं, तर…”

आई पर्सची कडी उघडत-मिटत म्हणाली, “पोरीबरोबर गोळ्या खाली आल्या, तर सोमवारपासून मी येणार नाही. शब्द आहे माझा. पण नाही आल्या, तर पुन्हा मला कुणी काही सुचवायचं नाही. दहावीपर्यंत नाही.”

“नाही सुचवणार.”

त्या दिवशी बाईंनी दार लावून पत्रक लिहिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘ग्लुकोज टॅब्लेट’ असा शब्द होता. डॉक्टरांचा शब्द आपण कोण बदलणार, म्हणून बाईंनी तोच ठेवला. कलम तिसरे : ‘घंटा होताच विद्यार्थ्यांचे टॅब्लेट आहेत तेथेच ठेवावेत.’ कलम सहावे : ‘विद्यार्थिनीच्या टॅब्लेट वर्गशिक्षिकेने न विसरता सोबत घ्याव्यात.’ गोंधळाचा प्रश्नच नव्हता. तो टॅब्लेट म्हणजे यंत्र, ती टॅब्लेट म्हणजे गोळी. ‘चे’ म्हटलं की यंत्र, ‘च्या’ म्हटलं की औषध. बाईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि एका प्रत्ययात भाषा किती काम करते या विचारानं त्यांना अगदी समाधान वाटलं. पत्रक सूचनाफलकावर लागलं, शिक्षकांच्या सभेत वाचून झालं. सभेत सगळे टॅब्लेटला पासवर्ड काय ठेवायचा यावर पाऊण तास भांडले आणि मग घरी गेले.

शुक्रवारी अकराच्या सुमारास घंटा झाली.

पहिलीची मुलं हात धरून, चिमण्यांसारखी किलबिलत बाहेर आली. पाचवी आली. नववी हसत-खिदळत आली, खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकल्यावर गप्प झाली. लेखनिक बाई मैदानाच्या कडेला घड्याळ धरून उभ्या. शेजारी आई, मांडीवरची पर्स आता पोटाशी धरलेली. सगळे वर्ग आले, सातवी नाही.

“दुसऱ्या मजल्यावर आहेत ना,” बाई म्हणाल्या.

“आठवी पण दुसऱ्या मजल्यावर आहे,” आई म्हणाली.

अखेर सातवी आली. सगळ्यांत मागे वर्गशिक्षिका, गणिताच्या बाई, कपाळावरून घाम निथळतोय, आणि हातात हे भलंमोठं खोकं. खोक्यामागून नुसते डोळे दिसत होते. त्यांनी ते धप्पकन गवतावर ठेवलं.

“अडतीस!” त्या धापा टाकत म्हणाल्या. “दोन मुलं गैरहजर, त्यांचे दोन कार्यालयात. एकही मागे राहिला नाही. मोजून घेतलेत.”

“काय मोजून घेतलंत?” आईनं विचारलं.

“टॅब्लेट हो! न विसरता सोबत घ्याव्यात म्हणून स्पष्ट लिहिलंय. सहावं कलम. मुलींचे घ्यायचे, तर मुलांचे कुणी मागे सोडायचे?”

लेखनिक बाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. “आणि लाल डबी?”

“ती कपाटात. तिसऱ्या कलमात आहे ना, आहेत तिथंच ठेवा म्हणून. मला ते पटलंही. आग लागल्यावर औषधाचं कपाट कुठं उघडत बसायचं?”

“अहो, पण तिथं ‘विद्यार्थ्यांचे’ आहे! ‘चे’! आणि सहाव्यात ‘च्या’!”

गणिताच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखादं उत्तर चुकलेल्या मुलाकडे पाहतात. “मी तर दोन्हीला ‘टॅब’ म्हणते.”

खेळाचे सर मध्येच म्हणाले, “मग काय बाई, आग लागल्यावर आधी पुल्लिंग की स्त्रीलिंग ते ठरवायचं, आणि मग पळायचं?” दोन-तीन शिक्षक हसले. एरवी लेखनिक बाईही हसल्या असत्या.

आई हसली नाही. तिनं आवाजही चढवला नाही. पर्सची कडी उघडली आणि एवढंच म्हणाली, “बरं झालं मी होते.” मग ती मुलीकडे चालायला लागली.

लेखनिक बाईंना वाटलं, इथं गप्प राहिलं तर निभावून जाईल. दोष गणिताच्या बाईंवर जाईल, त्या दणकट आहेत, झेलतील. तो विचार मनात आल्याचीच त्यांना लाज वाटली. त्या आईच्या पाठोपाठ निघाल्या आणि भरमैदानात, मोठ्या बाईंसमोर म्हणाल्या, “चूक गणिताच्या बाईंची नाही. पत्रक माझं. मी ते माझ्या कानाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, माणसांना कळावं म्हणून नाही.”

आई थांबली, पण वळली नाही. “चूक कुणाची का असेना. गोळ्या वर आहेत आणि पोर खाली आहे.”

“नाही,” मुलगी म्हणाली.

ती रांगेतून बाहेर आली होती. तिनं डावा मोजा खाली केला आणि त्यातून कागदाची एक चपटी पुडी काढली. आत दोन गोळ्या, कडा झिजलेल्या.

“हे काय?” मोठ्या बाई म्हणाल्या. “औषध स्वतःजवळ ठेवायचं नाही, नियम आहे ना?”

“आहे. पण मी फलकावरचं पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, मोठी माणसं यात नक्की घोळ घालणार. म्हणून काल घरच्या डबीतून घेतल्या.”

खेळाच्या सरांना ठसका लागला. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर तो थांबला.

“दोनच घेतल्यास?” आईचं लक्ष पुडीवर होतं. “दोनानं भागलं नसतं तर?”

“चार होत्या.” मुलगी जरा घुटमळली. “दोन जिन्यात खाल्ल्या.”

“जिन्यात?” आईनं तिचा हात धरला.

“बाई टॅब्लेट मोजत होत्या, आम्ही जिन्यात उभे होतो. मग बोटं कापायला लागली. मी खाली बसले, दोन गोळ्या चघळल्या. मैत्रिणीला सांगितलं, मी उठले नाही तर ओरड. मग बरं वाटलं, उठले.”

“मला सांगायचंस ना गं!” गणिताच्या बाई कळवळून म्हणाल्या.

“तुम्ही एकतीसवर होतात बाई. मध्ये बोललं की तुम्ही पहिल्यापासून मोजता.”

आईनं पर्समधून छोटं यंत्र काढलं, मुलीचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. तिघी-चौघी त्या आकड्याची वाट पाहत राहिल्या. एकशे चार. व्यवस्थित. आईनं तो आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. तिचे खांदे दोन वर्षं जसे होते तसे राहिले नाहीत. हळूच खाली आले. मग ती मुलीच्या डोक्यावर हात ठेवून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“अगं भवाने,” ती म्हणाली, “मोज्यात? धुतलेला तरी होता का मोजा?”

“सकाळचाच आहे गं!”

मोठ्या बाई कडक, पण माणसातल्या होत्या. त्यांनी मैदानातच नियम बदलला : ही मुलगी आपल्या गोळ्या आपल्याजवळ ठेवेल, मोज्यात नव्हे, खिशात, आणि तिच्या मैत्रिणीला आणि सगळ्या शिक्षकांना काय करायचं ते शिकवलं जाईल. शिकवणार कोण? आई. “दोन वर्षं तुम्हाला बाकावर नुसतं बसवलं आम्ही,” मोठ्या बाई म्हणाल्या, “आधी विचारायला हवं होतं.” दुपारी आईनं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना यंत्र हाताळायला लावलं. खेळाच्या सरांनी टोचून घेताना ‘आई गं’ म्हटलं, तेव्हा त्यांच्यावर सगळ्या बायका मनापासून हसल्या.

पत्रक नवीन लिहायचं होतं. बाईंनी मुलीला कार्यालयात बोलावून घेतलं. “आता तूच वाच. घोळ कुठं वाटतो ते सांग.”

मुलीनं बोट ठेवून वाचलं. “हे ‘टॅब्लेट’ काढूनच टाका ना बाई. औषधाला ‘गोळ्या’ म्हणा, घरी तसंच म्हणतात. आणि त्या दुसऱ्याला…” ती विचार करत राहिली. “पाटी म्हणा. हातात धरतात, लिहितात, पुसतात. पाटीच की.”

बाईंच्या मनात आलं, पाटी म्हणजे दगडाची, हे तर काचेचं यंत्र. कोशात बसायचं नाही. पण जीभ आवरून त्यांनी लिहिलं : ‘पाट्या वर्गात सोडाव्यात. गोळ्या मुलीच्या खिशातच असतील.’ एवढी साधी दोन वाक्यं त्यांनी उभ्या आयुष्यात लिहिली नव्हती. शेवटी सहीखाली तारीख घालताना त्यांनी मनोमन देवाचे आभार मानले. मात्रा सांभाळायला दिल्यास तशी माणसंही दिलीस म्हणून.

सोमवारी आई फाटकापर्यंत आली. मुलीचं दप्तर नीट केलं, खिसा चाचपला, पुन्हा चाचपला. मुलगी म्हणाली, “आई, पुरे.” आई वळली. कोपऱ्यावर जाऊन थांबली, मागे पाहिलं, मग गेली.

बाईंचं कामात लक्ष लागेना. तीनदा त्या उठून दाराशी गेल्या, सातवीच्या जिन्याकडे पाहिलं आणि परत येऊन बसल्या. वर जाऊन डोकावायचं नाही, असं त्यांनी मुलीला कबूल केलं होतं.

दुपारी दोनच्या पुढे दूरध्वनी वाजला. आईचा आवाज घाबराघुबरा होता. “बाई, ठीक आहे ना हो ती? मधल्या सुट्टीतच फोन करायचा होता, उशीर झाला.”

“मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर भांडताना ऐकलं. आवाज खणखणीत होता. तुम्ही कुठं होतात?”

आई ओशाळल्यासारखी म्हणाली,

“जरा पाठ टेकली होती हो. डोळा कधी लागला, कळलंच नाही.”