कबरस्तानातला हरभरा

कुंडलच्या अलीकडे ओढ्याकाठी ख्रिस्ती मंडळींची बावीस घरं होती. त्यांचे पाळक आकाराम सातपुते नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी चार उपदेश करत. उपदेश चांगले होते, म्हणून नऊ वर्षं बदलले नव्हते. पहिल्या रविवारी ते सांगत की प्रभू पुन्हा येणार आहे, केव्हा येईल ते कुणाला ठाऊक नाही, तेव्हा तयार राहा. मंडळी माना डोलवायची आणि बाहेर पडल्यावर नाताळच्या करंज्यांचं बोलायची.

त्र्याहत्तर साली मात्र बनाबाईनं तो उपदेश खरा धरला.

त्या उन्हाळ्यात तिचा नवरा ज्ञानू वारला होता. माती देताना पाळक तिला म्हणाले होते, "प्रभू येईल त्या दिवशी ज्ञानू इथून उठेल." बाकीच्यांनी ते अशा वेळी बोलायचं वाक्य म्हणून ऐकलं. बनाबाईनं निरोप म्हणून ऐकलं. प्रभू कधीही येईल असं कळल्यावर सोमवारी सकाळीच ती खुरपं घेऊन कबर साफ करायला गेली.

कबरीवर गवत नव्हतं. हरभरा होता, घाट्यांनी लगडलेला.

कबरस्तानाला लागून लालासाहेबांचं रान होतं. लालासाहेब मंडळीचे मुख्य पंच. त्यांचा बांध दरसाल हातभर सरकायचा. शेजारी जिवंत असते तर कोर्टात गेले असते. हे शेजारी तक्रार करणारे नव्हते. यंदा बांध ज्ञानूला ओलांडून पुढं गेला होता.

बनाबाई तडक पाळकांकडं गेली.

"पाळकसाहेब, त्यो नक्की येनार न्हवं?"

"येणार, बनाबाई."

"लवकर?"

"शास्त्र तसंच सांगतं."

"मग लालासाहेबांना सांगा की. मानसं उठायची आन् पिकात पाय पडायचे."

पाळक घुटमळले. त्यांच्या घरी रोज लालासाहेबांच्या म्हशीचं दूध यायचं. "देवाचं लवकर आपल्या लवकरसारखं नसतं," ते म्हणाले.

"म्हंजे हरभरा निघंपतूर येत न्हाई?"

"मी प्रार्थना करतो," पाळक म्हणाले. एखाद्या कामाला हात लावायचा नसला की ते असंच म्हणत.

तिसऱ्या रविवारी प्रार्थनेचा मान लालासाहेबांचा होता. त्यांचा आवाज भरदार, प्रार्थना लांबलचक. "ये प्रभू, लवकर ये," ते डोळे मिटून म्हणाले, "तुझी लेकरं वाट बघतायत."

बायकांच्या बाजूला बनाबाई उठून उभी राहिली. "लालासाहेब, जरा दमानं. त्यो खरंच आला तर? तुमचा हरभरा अजून कबरीवर उभा हाय."

शेजारी बसलेल्या शालूबाईनं तोंडाला पदर लावला आणि पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. लालासाहेबांनी उरलेली प्रार्थना गिळून आमेन म्हटलं.

दुपारी पंच बसले. लालासाहेब म्हणाले, "बाईला दुःखानं भ्रम झालाय." सगळ्यांना ते पटलं, कारण त्या रानातले घाटे भाजून केलेला हुळा सगळ्यांनीच खाल्ला होता. हद्दीचा विचार नाताळनंतर सोयीनं करावा असा ठराव झाला. पाळकांनी सही केली.

"आन् त्याच्या आधी प्रभू आला तर?" सिद्धू नावाच्या पंचानं विचारलं. तो चेष्टा करतोय असं वाटून सगळे हसले. सिद्धूही हसला, पण जरा उशिरा.

चौथ्या रविवारी लालासाहेब पुन्हा उभे राहिले. "ये प्रभू," ते म्हणाले. 'लवकर' हा शब्द त्यांनी गाळला. सगळ्या मंडळीच्या ते लक्षात आलं.

बाहेर आल्यावर शालूबाईनं बनाबाईला गाठलं. "माजी दोन लेकरं तितंच हाईत. त्यांच्यावर काय पेरलंय ते बगायला बी मी गेले न्हाई गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या. दुपारपर्यंत अकरा बायका झाल्या. हरभरा उपटता उपटता हद्दीचा जुना दगड उघडा पडला. त्याच्या पलीकडं, लालासाहेबांच्या हद्दीतल्या एकाही झाडाला बनाबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. उपटलेला ढीग त्यांनी लालासाहेबांच्या रानात नीट रचून ठेवला.

लालासाहेब आले, बघत उभे राहिले. "हे बरं न्हाई, बनाबाई."

"न्हाई तर न्हाई. पर त्यो आला तर ज्ञानूला मी काय सांगू?"

प्रभू येणार नाही, असं मुख्य पंचाला म्हणता येत नव्हतं. येणार आहे म्हटलं, तर तिथं उभं राहता येत नव्हतं. ते घरी गेले.

नाताळ झाला. प्रभू आला नाही. दोन दिवसांनी पाळक कबरस्तानात आले. बनाबाई ज्ञानूच्या उशाला दगड लावत होती.

"आला नाही, बनाबाई," ते हलकेच म्हणाले.

"तुमी वाट बगत हुता व्हय?"

पाळकांनी विचार केला. खोटं बोलायची ती जागा नव्हती. "नाही," ते म्हणाले.

"मग बगा की आता," बनाबाई म्हणाली. माती थापून ती उठली आणि शालूबाईच्या लेकरांची जागा शोधायला निघाली. खूण नसल्यानं ती जागा अजून सापडली नव्हती. थोड्या वेळानं पाळकांनी कोट काढून बाभळीला अडकवला आणि ते तिच्या शेजारी बसून ढेकळं बाजूला करू लागले.