होडी कुणी काढली

एखादा माणूस फुकट काम करतो म्हटल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवावा की संशय घ्यावा, हे भिंगवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतः बारा वर्षं फुकट काम करत होता. तरीही त्याने संशयच घेतला.

दिवसभर तो चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचा, म्हणून भिंगवाला. उरलेल्या वेळात तो ‘नावाडी’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ सांभाळायचा. नदीतून होडी न्यायची, काठावरची माणसं उचलायची, भोवरे चुकवायचे आणि सगळ्यांना पलीकडे सोडायचं, एवढाच खेळ. विकत घ्यायची भानगड नाही, जाहिरात नाही. आतला सगळा कारखाना उघडा. कुणीही यावं, बघावं, हातभार लावावा. एके काळी हात लावणारे नऊ जण होते. मग कुणाला मूल झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाचं कुणाशी वाजलं. शेवटी उरले दोघे. एक भिंगवाला, आणि दुसरा कासव. कासवाच्या मशीनवर खेळाचं सगळं सामान ठेवलेलं होतं. त्याला पत्र टाकलं की तिसऱ्या दिवशी उत्तर यायचं, तेही ‘हो’ नाहीतर ‘बघतो’.

खेळणारे मात्र चाळीस हजार. त्यांचं काम उंटावरून शेळ्या हाकायचं. भोवरा जोरात का फिरतो, म्हातारी होडीत चढायला एवढा वेळ का लावते, तीन वर्षं सांगतोय तरी आवाज दुरुस्त होत नाही, लाज कशी वाटत नाही? भिंगवाल्याची बायको पोहणं शिकवायची. ओले केस पुसत ती त्याच्या खांद्यावरून ही पत्रं वाचायची आणि म्हणायची, “घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस, आणि लष्कर म्हणतं भाकरी करपली.”

अशात भांडाराचं पत्र आलं. भांडार म्हणजे मोफत खेळांचा मोठा साठा. शाळा, वाचनालयं, सगळे तिथूनच खेळ घ्यायचे. भांडाराने कळवलं होतं, की खेळातलं प्रत्येक चित्र आणि प्रत्येक आवाज कुणी बनवला, त्याची परवानगी आहे का आणि हे कुणी तपासलं, याची यादी चार महिन्यांत द्या. नाहीतर तुमचा खेळ काढून टाकू. आणि भांडारातून गेलेला खेळ म्हणजे मेलेलाच खेळ.

फाइली होत्या दोन हजार तीनशे बारा. कासव म्हणाला, “बघतो.” भिंगवाल्याने कपाळाला हात लावला.

आणि पंधरा दिवसांत मुंगी आली. कोण, कुठली, काही नाही. नाव फक्त मुंगी. पहिलं पत्र तीन ओळींचं. ‘यादी करून देईन. रोज तीस फाइली होतील. चालेल का?’

चालेल का म्हणजे काय! भिंगवाल्याने तिला लगेच आत यायची किल्ली दिली. आणि मुंगी खरोखर रोज तीस फाइली तपासू लागली. लाकडाचा करकर आवाज, कुणी दिला, कधी दिला, परवानगी कुठे आहे. पाखराचं चित्र, कुणाचं, त्याला पत्र पाठवलं, उत्तर आलं, जोडलं आहे. सुट्टीचे दिवस सोडून रोज तीस. ना एकोणतीस, ना एकतीस.

पहिला महिना भिंगवाला खूश होता. दुसऱ्या महिन्यात त्याला वाटलं, हे जरा जास्तच चांगलं आहे. तिसऱ्या महिन्यात त्याची झोप उडाली.

“मला सांग,” तो जेवताना बायकोला म्हणाला, “असलं रटाळ काम कुणी हौसेने करतं का?”

“तू करतोसच की.”

“मी खेळ बनवतो. ही नुसती यादी करते. आणि खेळतसुद्धा नाही! काल विचारलं, भोवऱ्यातून कशी सुटतेस, तर म्हणाली, मी अजून खेळ उघडलेला नाही.”

“मग?”

“मग काय! जिला खेळात रस नाही, तिला खेळाच्या सामानात एवढा रस कशाला? कुणीतरी काहीतरी शोधतंय.”

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. “शोधू दे ना. कर नाही त्याला डर कशाला?”

त्याने विषय बदलला. कारण कर होता, आणि तो चांगला नऊ वर्षं जुना होता.

त्या नऊ जणांत एक रंगारी होता. नदी, काठ, झाडं, माणसं, सगळं त्यानेच रंगवलं होतं, आणि होडीसुद्धा. होडीच्या मागच्या टोकाला त्याने एक मांजर झोपवलं होतं. भोवरा आला की ते एक डोळा उघडायचं. खेळणाऱ्यांचा त्या मांजरावर फार जीव. तर एकदा भिंगवाल्याने रंगाऱ्याला न विचारता त्याच्या नदीचा रंग बदलला. हिरवट नदी निळी केली. रंगारी भडकला. शब्दाने शब्द वाढला आणि रंगारी म्हणाला, “माझं सगळं काढून टाक, मला तुमच्यात राहायचं नाही.” भिंगवाल्यानेही हट्टाने सगळं काढलं. झाडं काढली, काठ काढला, माणसं काढली. होडीपाशी मात्र त्याचा हात अडला. होडी काढली तर खेळात उरतं काय? पाणी! म्हणून त्याने होडी ठेवली आणि ‘चित्र कोणाचं’ या रकान्यातलं रंगाऱ्याचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. तात्पुरतं. नवी होडी काढेपर्यंत. नवी होडी काही निघाली नाही आणि तात्पुरतं नाव तिथेच राहिलं. पुढे लोक पत्रात लिहायचे, मांजर काय झकास काढलंय तुम्ही! पहिल्या वेळी तो उत्तर द्यायला लाजला. नंतर ‘धन्यवाद’ लिहू लागला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. भिंगवाल्याने मुंगीची सगळी यादी वरपासून खालपर्यंत चाळली. सगळं क्रमाने, शिस्तीत. फक्त एक नंबरची फाइल कोरी सोडलेली. एक नंबर म्हणजे होडी.

झालं! त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुंगी कसली, हा रंगारीच! वेष बदलून आलाय. गोड बोलून आत शिरलाय, सगळ्यांची मनं जिंकतोय, आणि शेवटच्या दिवशी भांडाराला सांगणार, हे बघा, चोरीची होडी. खेळही बुडेल आणि माझी अब्रूही.

आता पुरावा हवा. दुपारच्या सुट्टीत, काचा घासायचं यंत्र बंद करून, त्याने मुंगीला सहज म्हणून विचारलं, “कामाव्यतिरिक्त काय आवडतं तुम्हाला? प्राणी वगैरे पाळता का?”

उत्तर आलं, “मांजर आहे एक.”

भिंगवाला खुर्चीतून उठलाच. मांजर! जगात कुत्री पाळणारे आहेत, पोपट पाळणारे आहेत, मासे पाळणारे आहेत, पण हिला नेमकं मांजर! दुकानातला चष्मे विकणारा आत डोकावला. “अहो, त्या बाईंच्या चष्म्याचं काय झालं?” भिंगवाल्याने गडबडीत उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवून दिली. बाई अर्ध्या तासात परत आल्या, आणि त्यांनी जे सुनावलं ते इथे न सांगितलेलं बरं.

मुदतीला चार दिवस उरले असताना मुंगीचं पत्र आलं. ‘दोन हजार तीनशे अकरा फाइली झाल्या. एक नंबर राहिली आहे. होडी कुणी काढली, ते कृपया तुम्ही स्वतःच लिहा. मग यादी पाठवता येईल.’

स्वतःच लिहा! भिंगवाल्याच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे माझ्याच हाताने खोटं लिहून घ्यायचं आणि मग मला पकडायचं! त्याने कासवाला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही. तडक मुंगीचं खातं उघडलं. मशीनने विचारलं, खातं गोठवायचं की पुसायचं? गोठवलेलं पुन्हा चालू करता येतं. पुसलेलं गेलं ते गेलं. त्याने पुसलं. मग खेळाच्या उघड्या फलकावर, चाळीस हजार लोकांना दिसेल असं लिहिलं, ‘मुंगी म्हणजे आपला जुना रंगारी. जुना राग काढायला खोट्या नावाने आला होता. त्याला बाहेर काढलं आहे.’

एवढं करून त्याला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत कामावर गेला.

दुपारी पत्र आलं. रंगाऱ्याचं. नऊ वर्षांनी.

‘फलक वाचला. मी मुंगी नाही. मुंगी कोण ते मलाही नीट माहीत नाही. कुठल्याशा दवाखान्यात जुने कागद लावायचं काम करते, एवढंच ती म्हणाली. तिने मला साडेतीन महिन्यांपूर्वी पत्र लिहिलं. होडीच्या फाइलीच्या पोटात, जिथे कुणी बघत नाही, तिथे माझं नाव अजून आहे म्हणे. तू वरचा रकाना बदललास, आतला राहिला. ते तिला पहिल्याच दिवशी दिसलं. तिने विचारलं, होडी तुमची का? मी म्हटलं, माझी. तिने विचारलं, खेळात राहू द्यायची का? मी म्हटलं, अहो, ठेवा की! तासाभरात परवानगी लिहून पाठवली. काढून टाक म्हणालो होतो ते रागात. नऊ वर्षं मी खेळ उघडून बघतोय, नाव परत आलं का. एक पत्र टाकलं असतंस तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. मुंगी नाव दुरुस्त करणार होती. मीच म्हटलं, थांबा, त्याला स्वतः लिहू द्या. तिने तुला साडेतीन महिने वेळ दिला.’

भिंगवाल्याने पत्र दोनदा वाचलं. त्याला तोंडावर मारल्यासारखं झालं. यंत्र चालूच होतं आणि एक चांगली काच घासून घासून कागदासारखी झाली, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

त्याने आधी फलकावरची ओळ काढली आणि तिथे लिहिलं, ‘मी चुकलो. मुंगीने काहीही वाईट केलेलं नाही.’ मग यादी उघडली. एक नंबर. होडी. ‘चित्र कोणाचं’ या रकान्यात त्याने रंगाऱ्याचं नाव घातलं. आता यादी भांडाराला पाठवायची, एवढंच राहिलं होतं.

तेव्हा त्याचं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं. ‘कुणी तपासलं’. कालपर्यंत तिथे प्रत्येक ओळीत मुंगी होती. आता सगळीकडे एकच शब्द होता, ‘अज्ञात’. दोन हजार तीनशे अकरा वेळा अज्ञात. खातं पुसलं की मशीन त्या माणसाचं नावही सगळीकडून पुसतं. हे त्याला माहीत होतं. हा नियम बारा वर्षांपूर्वी त्यानेच घातला होता.

त्याने भांडाराला विचारलं, ‘अज्ञात’ चालेल का? भांडाराने त्याच संध्याकाळी कळवलं, तपासणाऱ्याचं नाव हवं, आणि ‘होय, मीच तपासलं’ असं त्या व्यक्तीने स्वतः कळवायला हवं. तीन दिवस थांबतो.

त्याने कासवाला कळवलं, तर कासवाने या वेळी अर्ध्या तासात उत्तर दिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. “अरे, तुझं नाव टाकून दे सगळीकडे. कोण बघतंय?”

भिंगवाला त्या ओळीकडे बघत बसला. बायको पोहायच्या वर्गावरून आली, तिने विचारलं काय झालं, आणि त्याने सगळं सांगितलं. होडीसकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

तिने ओला टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाली, “टाकशील का नाव?”

“नाही.”

“मग शोध तिला.”

“कुठे शोधू? पत्ता खात्यातच होता. खातं मीच पुसलं.”

शेवटी त्याने रंगाऱ्याला लिहिलं. माफी मागितली, सरळ, लांबण न लावता. होडीवर तुझं नाव लिहिलं, हे कळवलं. आणि विचारलं, मुंगीचा पत्ता तुझ्याकडे आहे ना, तो दे. तिची माफी मागायची आहे आणि तिचं नाव तिला परत द्यायचं आहे.

रंगाऱ्याचं उत्तर लगेच आलं. ‘पत्ता आहे. पण आधी तिला विचारतो. विचारायचं असतं.’

भिंगवाल्याने ती रात्र आणि दुसरी सकाळ कशीबशी काढली. दुपारी दुकानामागच्या खोलीत पत्र आलं.

‘विचारलं. पत्ता देऊ नका म्हणाली. रागावलेली वाटली नाही, नुसतं नको म्हणाली. यादीबद्दलही विचारलं. म्हणाली, मी तपासलंय यावर त्यांचा विश्वास नसेल, तर त्यांनी पुन्हा स्वतः तपासावं.’

दोन दिवस उरले होते आणि दोन हजार तीनशे अकरा फाइली. भिंगवाल्याने दुकानात सुट्टी मागितली, घरी आला आणि दोन नंबरची फाइल उघडली. लाकडाचा करकर आवाज. कुणी दिला, कधी दिला, परवानगी कुठे आहे, सगळं लिहिलेलं होतं. त्याने बरोबर आहे का ते पाहिलं. बरोबर होतं.