अनुसयेचं माप

दवाखान्यातला माणूस सायकलवरून आला तेव्हा शालिकराम बायकोसाठी, अनुसयेसाठी, डब्यात पेज भरत होता. माणसानं सायकल भिंतीला टेकवली नाही, हातातच धरून ठेवली.

"डबा राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही चला."

शालिकरामनं तरी डब्याचं झाकण लावलं.

अनुसया गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं तिची लुगडी, चोळ्या, सगळं गाठोड्यात बांधून धोब्याला देऊन टाकलं. घरात ते बघवत नव्हतं. दहाव्याला लामत्याहून त्याची मोठी बहीण शेवंताबाई आली, तेव्हा त्याला चूक कळली.

"तेरवीले सवाष्ण जेवाले बसन. तिले लुगडं अन् चोळी द्या लागते," शेवंताबाई म्हणाली. "चोळी गेलेलीच्या मापाची पायजे. आपल्या घरची रीत हाये."

"माप कुठून आणू? कपडे तं देऊन टाकले."

"सारेच?"

"हौ. दिलेलं वापस कसं मागाचं?"

"एखादी चोळी तरी ठेवाची ना बावा! इतकी काय घाई होती तुले? आता अंदाजानं शिवून घेऊ."

"अंदाजाची नको."

अनुसया घरी बायकांच्या चोळ्या शिवायची. तिला लिहिता येत नव्हतं. सागवानी टेबलाच्या कडेपासून माप धरून ती कातरीच्या टोकानं लाकडात खाचा पाडायची. छातीची एक, पाठीची एक, बाहीची एक. प्रत्येकीची खूण वेगळी. शेजारच्या तुळसाबाईची मासोळी, मास्तरणीचं पान. स्वतःच्या मापापाशी तिनं नुसतं टिंब काढलं होतं.

बहात्तरच्या दिवाळीला शालिकरामनं त्या टेबलावर सनमायका लावून घेतला. तो कचेरीत चपराशी होता आणि साहेबांचं टेबल तसं होतं. त्यानंतर अनुसया मापाला गिऱ्हाइकाची जुनी चोळी मागून घेऊ लागली. तिनं तक्रार केली नाही, त्यानंही विचारलं नाही.

खाचा सनमायक्याखाली असतील. त्यानं इस्त्रीत निखारे भरले, ओलं फडकं पसरलं आणि एका कोपऱ्यावर इस्त्री दाबून धरली. सरस मऊ झाल्यासारखा वाटला की पातळ पत्ती आत सारायची. सनमायका वीतभर उचलला आणि काचेसारखा तडकला. खालच्या लाकडाची साल सनमायक्याच्या पाठीला चिकटून निघाली. दुपारपर्यंत शालिकरामची तीन बोटं कापली.

शेवंताबाईनं महागू सुताराला बोलावणं धाडलं. सनमायका त्यानंच बसवला होता.

"टेबलाले इस्त्री करून राह्यले का, भाऊ?" दारातूनच तो हसला. मग त्याला शालिकरामची कापलेली बोटं दिसली. त्यानं पटाशी काढली आणि बसला.

महागूच्या हाताखाली सनमायका सरळ निघत होता. अर्धा निघाल्यावर त्यानं विचारलं, "खाली काय पाहाचं हाये?"

"तिच्या खाचा हायेत. मापाच्या."

पटाशी थांबली.

"भाऊ, मी रंधा मारला होता. खाचा असल्या तं सनमायका बसत नाही."

शालिकराम उघड्या लाकडाकडे पाहत राहिला.

"तिले माहीत होतं?"

"वहिनीच तं फळी धरून होत्या. मी म्हटलं, रेघा जातीन. म्हणे, जाऊ द्या, त्याइच्या मनात हाये."

शेवंताबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

"छिलके गोळा केले वहिनीनं," महागू म्हणाला. "चुलीत घालून त्याच्यावरच चहा ठेवला. तुम्ही कचेरीतून आलते तवा. आपण दोघं पेलो."

शालिकरामला चहा आठवत नव्हता. टेबल आठवत होतं. दिवा जवळ नेऊन त्यानं नव्या सनमायक्यात आपला चेहरा पाहिला होता, आणि तिलाही पाहायला लावलं होतं.

"बाकीचं काढू का?" महागूनं विचारलं.

शालिकरामनं लाकडावरून तळहात फिरवला. सरसाचे पिवळे डाग होते. टिंब कुठे असायचं ती जागा त्याला दाखवता आली नसती.

"राहू द्या."

"अंदाजानंच शिवू," शेवंताबाई पुन्हा म्हणाली. "मी पाह्यलं हाये तिले. माह्याहून बारीक होती."

"किती बारीक?"

तिनं दोन हात समोर धरले, थोडे जवळ आणले, पुन्हा लांब नेले आणि खाली सोडले.

तेरवी झाली. तुळसाबाई सवाष्ण म्हणून जेवली. तिला लुगडं दिलं. चोळी शिवायची राहिली आहे.