‘नाही उठत’ म्हटलेली माणसं

घरात माणूस आजारी पडलं, की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कोणी काढा सुचवतो, कोणी अंगारा पुढे करतो, आणि एखादा असा निघतो, की आजाऱ्याकडे नुसतं पाहून ‘हा काही उठत नाही’ असं सांगतो आणि चहा पिऊन घरी जातो. असा एखादा तुमच्याही गावात असेल. रिठदमध्ये हे काम उकंडरावांकडे होतं.

उकंडराव मनाने वाईट नव्हते. कोणी खाट धरली की त्यांना बोलावणं यायचं. ते फेटा नीट करून निघायचे, आजाऱ्याच्या पायाचा तळवा चिमटून पाहायचे, पापणी वर करायचे आणि खाटेपाशी उभं राहूनच निकाल द्यायचे. कुजबुजून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. निकाल खरा ठरला की गावभर त्यांचं नाव व्हायचं, आणि नाव झालेलं कोणाला नको असतं?

पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, तुरी सोंगायच्या दिवसांत, त्यांच्याच घरात हे संकट आलं. बायको चंपाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा हात गळून पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. लकवा! शेजाऱ्यांनी जीप मिळवली आणि तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, “आत्ताच काही सांगता येणार नाही. रोज पाहू.”

उकंडरावांना मनातल्या मनात डॉक्टरांची कीवच आली. एवढी पुस्तकं वाचली आणि एवढंही सांगता येत नाही!

वॉर्डात जवळच्याच मालेगावकडच्या बेबीताई नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी फडक्याची एक सुरळी करून चंपाबाईच्या उजव्या हातात दिली. “दाबा मावशी. जमन तेवढंच दाबा.” चंपाबाई मूळची हट्टी. दिवसभर ती त्या सुरळीशी झटत राहिली आणि दोन-चार दिवसांत बोटं किंचित आवळायला लागली.

मग रविवारी रिठदची मंडळी एस.टी.ने भेटायला आली. खाटेभोवती गोळा झाली आणि सवयीने सगळ्यांच्या माना उकंडरावांकडे वळल्या.

“उकंडभाऊ, तुमी काय म्हन्ता?”

उकंडरावांनी बायकोचा तळवा चिमटला. पाय हलला नाही. त्यांचे डोळे भरून आले, पण वर्षानुवर्षांची सवय रडतानाही सुटत नाही. ते म्हणाले, “काही खरं नाही बापा. हे आता उठत नाही.”

बायांनी पदर डोळ्यांना लावले. चंपाबाईचे डोळे उघडे होते, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुरळी तिच्या हातातून खाली पडली ती पडलीच. बेबीताईंनी पेजेचा चमचा पुढे केला, तर तिने ओठ मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बेबीताई उकंडरावांना व्हरांड्यात घेऊन गेल्या.

“दादा, मावशीच्या बोटात जोर येऊन राह्यला होता. आज त्यायनं हात सोडून देला. काल काय झालं?”

“काही नाही ताई. गावचे लोकं आलते. त्यायनं मले पुसलं, मी सांगतलं.”

“काय सांगतलं?”

उकंडरावांनी सांगितलं.

“तिच्यासमोर?”

“तिले काय समजते आता? बोलताच येत नाही तिले.”

“बोलता येत नाही, पन आयकू तं येते ना! तुमचंच आयकून पडली हाय ते.”

उकंडराव जरा ताठ झाले. “ताई, माहा शब्द खाली जात नाही. आमच्या गावच्या जानरावले असाच लकवा मारला होता. मी म्हनलं उठत नाही, तं नाहीच उठला.”

“बरं. तुमी म्हनल्यावर जानरावले कोनं धरून बसवलं?”

“कायले बसवतीन? उठनारच नव्हता तं.”

“हातपाय कोनं चोळले? त्याच्याशी बोलत कोन होतं?”

उकंडरावांना सगळं आठवलं. त्यांनी निकाल दिला त्याच दिवशी जानरावाची खाट मागच्या पडवीत गेली होती. तिथे तो कितीतरी महिने एकटा पडून होता. तो गेल्यावर लोक म्हणाले होते, उकंडरावांचा शब्द म्हणजे शब्द. तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता. आज मात्र त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

“मंग ते भविष्य नव्हतं दादा,” बेबीताई म्हणाल्या, “तो हुकूम होता. डॉक्टरसाहेब बी अंदाज करतात. आज बोट हललं काय, उद्या खांदा हलला काय, हे पाहून करतात, अन् रोज नव्यानं करतात. काही जनं नाही उठत, हे बी खरं हाय. पन आपन आधीच सांगून टाकलं, तं उठनारा बी पडून राह्यते. अन् खरं सांगा, तुमी कधी चुकलेच नाही?”

उकंडराव ‘नाही’ म्हणणार होते, तोच त्यांना गावातली एक-दोन चालती-फिरती माणसं आठवली.

ते वॉर्डात गेले. खाटेपाशी बसून म्हणाले, “चंपे, तू उठशीन वं.” चंपाबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने दिलेला निकाल कधी बदलला नव्हता. आता नुसती समजूत काढतो आहे, हे तिला कळत होतं. नुसत्या शब्दांनी भागणार नव्हतं.

त्याच दुपारी उकंडराव एस.टी.त बसून गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी एक वरातच घेऊन परतले. वॉर्डाच्या दारात शिपाई आडवा आला, पण बेबीताईंनी सगळ्यांना आत सोडलं. उकंडराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

“चंपे, इकडे पाह्य. हा फुलचंद. याले साप डसला तवा मी म्हनलं होतं, दिवस मावळाच्या आत जाईन. लाकडं बी आनाले सांगतले होते.”

“लाकडं आलते ना काकू,” फुलचंद म्हणाला. “त्याच्यावरच मंग माह्या लग्नाचा सैपाक झाला.”

“हे भागिरथाबाई.”

“मले तं या भाऊनं दोनदा मारलं,” भागिरथाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “एक डाव बाळंतपनात, एक डाव तापात.”

तिच्यामागे चांगलं पोट सुटलेला जगदेव उभा होता. त्याच्याबद्दल काही सांगायची गरजच नव्हती.

“हे सारे माहे चुकलेले हायत,” उकंडराव म्हणाले. “गाव इसरलं, मी बी इसरलो. जे खरे निंगाले तेच धरून बसलो. चंपे, मी लय चुकलो. तुह्याबद्दल बी चुकलो.”

चंपाबाई पाहतच राहिली. ‘मी चुकलो’ हे शब्द या माणसाच्या तोंडून ती लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होती! तिचा अर्धा चेहरा हसला, दुसरा अर्धा हसू पाहत होता. मग बेबीताईंनी उशालगत ठेवलेली सुरळी तिने डाव्या हाताने उचलली आणि आपल्या उजव्या मुठीत कोंबली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. चंपाबाई रडायची, चिडायची, थकायची आणि पुन्हा उठून बसायची. उकंडराव तिचा खांदा हलवून द्यायचे, तिला धरून उभं करायचे. पण जे तिला जमेल ते तिलाच करू द्यायचं, असा बेबीताईंचा सक्त दंडक होता. हळूहळू तिचं पाऊल पडू लागलं. वाचा मात्र अजून अडूनच होती.

एके दिवशी शेजारच्या खाटेवर शाहजादी नावाची म्हातारी आली. तिलाही लकवाच होता. तिची सून अमीनाबी घाबरून गेली होती. फेटेवाला जाणता माणूस पाहून तिने उकंडरावांना विचारलं, “भाऊ, माही सास उठन काय?”

उकंडराव खाकरले. तळव्याकडे हातही गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, “गप.”

सगळे वळले. चंपाबाई बोलली होती! इतक्या दिवसांनी फुटलेला पहिला स्वच्छ शब्द, आणि तो नवऱ्यासाठी. अख्खा वॉर्ड हसला, बेबीताईंनी तर डोळे पुसले. उकंडराव सगळ्यांत मोठ्याने हसले. मग अमीनाबीला म्हणाले, “मले नको पुसू बाई, मले काही माहीत नाही. सासूजवळ बैस अन् तिच्याशीच बोल. तिले सारं आयकू येते.”

चंपाबाई काठी टेकत घरी आली. उजव्या हाताला पहिलं बळ पुरतं आलं नाही, म्हणून भाकरी मग उकंडराव थापू लागले. त्या भाकरींवर रोज निकाल देण्याचा अधिकार चंपाबाईकडे होता आणि तो ती मनसोक्त वापरायची.

बंधूंनो आणि भगिनींनो, आजाऱ्याला भेटायला आपण सगळेच जातो आणि जायलाच हवं. पण कोण उठेल आणि कोण नाही, हे ठरवायला आपण जात नसतो. तुमचा एक शब्द एखाद्याची खाट पडवीत नेऊन टाकू शकतो. तेव्हा खाटेपाशी बसा, त्याचा हात हातात घ्या आणि त्याच्याबद्दल नव्हे, त्याच्याशी बोला.