काजळ्याने मोडलेला हात

मित्रांनो, मी एक जुना सूड घेणारा नायक आहे, चित्रकथेतला. तोंडाला काजळ फासून, कायदा धाब्यावर बसवून गुन्हेगारांची हाडं मोडणारा काजळ्या. जिथे माझं पान, तिथे मी. शौकीन लोक माझा पहिला अंक प्लास्टिकच्या पिशवीत जपतात आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. तेव्हा मला मान वर करवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात, रेजिना पाझ्डुरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा जन्म झाला. त्याआधी ती एका छोट्या प्रकाशकासाठी प्रेमकथांची चित्रं काढायची. रडणाऱ्या परिचारिका, स्टेशनावरचे निरोप, असलं सगळं. १९७३च्या हिवाळ्यात तिचे वडील काझिमिर आपल्या बूट-दुरुस्तीच्या दुकानात डोकं फुटून मेलेले सापडले. आदल्याच दिवशी शेजारचा खाटीक झिगमुंट वोल्निक मागच्या अंगणावरून त्यांच्याशी कडाकडा भांडला होता. "तुला बघूनच घेतो!" असं साऱ्या गल्लीदेखत ओरडला होता. पोलिसांनी त्याला नेलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. रेजिनाला पुराव्याची गरजच वाटली नाही.

तिने मला काढलं. शाई वाळायच्या आत मला कळलं, आपण रागाच्या पोटी जन्मलो आहोत. कथेत मला बूट शिवणारा बाप मिळाला आणि दुसऱ्याच पानावर तो मारला गेला. शेवटी मी त्याच्या मारेकऱ्याला गाठलं, त्याचा उजवा हात लाकडी ठोकळ्यावर दाबला आणि मोडला. तो मारेकरी खाटीक होता. त्याचा डावा कान युद्धात अर्धा तुटलेला, अगदी झिगमुंटसारखा.

संपादक मर्व्हिन पान बघून खुर्चीतून उठलाच. "बाई, एवढी वर्षं त्या रडक्या पोरी कशाला काढत बसली होतीस गं?"

अंक हातोहात संपला. मला फार अभिमान वाटला होता, मित्रांनो.

ग्रीनपॉइंटात तो कान कोण ओळखणार नाही? कुणीतरी शेवटचं पान फाडून झिगमुंटच्या दुकानाच्या काचेला चिकटवलं. गिऱ्हाईक तुटलं. चर्चमध्ये त्याच्या बायकोच्या, हालिनाच्या, शेजारचा बाक रिकामा राहू लागला. मग एका दुपारी तोंडाला काजळ फासलेले दोन तरुण दुकानात शिरले.

"काजळ्याचा निरोप आहे, म्हाताऱ्या," एकजण हसत म्हणाला.

त्यांनी झिगमुंटच्याच ठोकळ्यावर, त्याच्याच मांस ठेचायच्या हातोड्याने त्याचा उजवा हात फोडला. काचेवरच्या पानातून मी पाहत होतो. मी केलं होतं तसंच, तेवढ्याच जोराने त्यांनी केलं.

रेजिनाच्या कानावर ते गेलं. ती दुसऱ्या अंकाला लागली.

वसंतात जवळच्या नूअर्क शहरात एक भुरटा चोर पकडला गेला. त्याच्या खिशात काझिमिरचं घड्याळ होतं. त्याने सगळं कबूल केलं. झिगमुंटचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

मग रेजिनाने ओक्साबोक्शी रडत नवी पानं काढली. त्यात मी काजळ पुसून त्याच खाटकापुढे गुडघे टेकतो आणि तो मला उठवून जवळ घेतो. तिच्या हातून इतकं सुंदर काम आधी कधी झालं नव्हतं. पानं काखोटीला मारून ती त्यांच्या घरी गेली. हालिनाने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. तिच्या मागून झिगमुंट दाराशी आला.

"काका, एकदा बघा तरी," रेजिना म्हणाली. "सगळ्यांना कळेल, तुम्ही निर्दोष होतात."

झिगमुंटने डाव्या हाताने पानं चाळली. शेवटच्या पानावर तो बराच वेळ थांबला.

"हा तुला माफ करतोय होय?"

रेजिनाने मान डोलावली.

"मी नाही केलेलं. मग तू कोण ते माझ्या नावाने काढणारी?" त्याने पानं परत दिली. "चांगला दाखव, वाईट दाखव, मला काढूच नकोस, पोरी. माझा चेहरा माझ्याकडे राहू दे."

"मग मी करू तरी काय?"

हालिना म्हणाली, "तोंड आहे ना तुला? चित्रं काढून गल्लीला सांगितलंस, आता तोंडाने सांग."

घरी येऊन रेजिनाने ती पानं चुलीत घातली. मीही त्यांच्यासोबत जळलो आणि मला ते योग्यच वाटलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली; एका पोराच्या खिशातल्या अंकातून मी बघत होतो. "झिगमुंटकाकांनी माझ्या वडिलांना मारलं नाही," ती म्हणाली. "मी खोटं काढलं. त्यांचा हात माझ्यामुळे गेला." लोक खाली आपल्या बुटांकडे बघू लागले. एक बाई पुटपुटली, "आम्हाला गं काय ठाऊक?" झिगमुंटने टोपी घातली, हालिनाचा हात धरला आणि कुणाकडेही न बघता तो त्यांच्यामधून चालत गेला. त्या उन्हाळ्यात दुकान विकून दोघं गाव सोडून गेली.

रेजिनाने मला पुन्हा काढलं नाही. मर्व्हिनने मला दुसऱ्याच्या हाती दिलं आणि मी कित्येक वर्षं हाडं मोडत राहिलो. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

मित्रांनो, राग आला तर जरूर चित्र काढा, पण त्याला शेजाऱ्याचा चेहरा देऊ नका. आणि माझा तो अंक कधी हाती आलाच, तर शेवटच्या पानावर जरा थांबा. तिथे दोन माणसं आहेत. माझ्याकडे आजवर सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही ठोकळ्यावर हात असलेल्या माणसाकडे बघा.