बाहेरून लावलेली कडी

मी कडी बोलतेय. दाराची, लोखंडी. आम्हाला माणसं ओढतात, ढकलतात, ऐकत कुणी नाही. आज ऐकावं लागेल.

सेनगावच्या बाजारात एका दुकानात मी खोक्यात पडून होते. ग्यानबा आला. म्हणाला, "मजबूत दे. आतून कितीबी हलवली तरी निघाली न्हाई पाहिजे." दुकानदाराला वाटलं, सोयाबीनच्या कोठीला हवी असेल. मलाही तेच वाटलं.

कोठी नव्हती. लेकीची खोली होती.

पुनम त्याची थोरली. तिच्या चुलत्यानं, पुंजाजीनं, तिला वारंगा फाट्यावर एका बाईच्या गाडीत बसवून दिलं होतं. पुण्यात लेकरं सांभाळायचं काम आहे म्हणे. तिथं लेकरं नव्हती. तिथं तिला विकलं आणि बाहेरून कडी लावलेल्या खोलीत ठेवलं. पोलिसांनी सोडवलं, तेव्हा कुठं ती घरी आली.

आणि घरच्यांनी काय केलं? धाकट्या गुंजनला पाहायला पाहुणे येणार, थोरली दिसायला नको, म्हणून मला दाराला बाहेरून स्क्रूनं बसवलं. "तिच्याच भल्यासाठी," ग्यानबा म्हणाला. थोरांना हे वाक्य फार आवडतं.

पाहुणे आले. पुंजाजीनं मला सरकवलं आणि स्वतः पाहुण्यांत जाऊन बसला, घरातलं मोठं माणूस म्हणून! दारापलीकडं पुनमचे तळहात मला कळत होते. आधी दार चाचपत होते. मग ती दार बडवायला लागली, "आई, आई" करत.

पाहुण्यांनी माना वळवल्या. पुंजाजी हसला. "वासरू हाय आत. लय खोडील."

तेवढ्यात गंगूताई आल्या. सुटून आलेल्या पोरींसोबत दवाखान्यात, कोर्टात जायचं, नाहीतर नुसतं जवळ बसायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी हिंगोलीहून येत. पुनमला त्यांनी कधी 'काय झालं ते सांग' म्हटलं नव्हतं. दोघी तूर निवडत बसायच्या, बोलावंसं वाटलं तर पुनम बोलायची.

अंगणातूनच त्या म्हणाल्या, "पुंजाजी, तुमच्या घरी वासराला 'आई' म्हणता येतं व्हय?"

त्यांनी मला उघडलं. पण दार ढकललं नाही. मागं सरकल्या.

"पुनम, कडी काढली बाई. मी येऊ आत, का तू येतीस?"

मग दार उघडलं. घामानं भिजलेली पुनम बापाकडं बघत म्हणाली, "आबा, पेचकस द्या."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको," पुंजाजी.

"तमाशा तुमी केला, काका. मी निस्तं दार उघडून राहिले."

ग्यानबा मान खाली घालून बसला. बाप असून. उठली ती चतुराबाई, तिची आई. पोह्यांचं ताट तसंच ठेवलं आणि सगळ्यांसमोर पेचकस आणून लेकीच्या हातात दिला.

पाहुणे उठून गेले. गुंजन म्हणाली, "जाऊ द्या. असल्यांच्या घरात कोण जातंय!"

गंगूताईंनी फक्त फळी धरली, स्क्रू पुनमनंच फिरवले. मला काढून तिनं दाराला आतून बसवलं. पुढं तिनं जबाबात पुंजाजीचंही नाव दिलं. तो अंगणात येत नाही आता.

सुरुवातीला ती मला लावायची, ओढून बघायची, पुन्हा बघायची. आता एसटीनं हिंगोलीला जाते, पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायला शिकते. कधी कधी जातच नाही, भिंतीकडं तोंड करून पडते. चतुराबाई दाराशी ताट ठेवते, हाक मारते आणि थांबते. ग्यानबा अजूनही आधी दार ढकलतो, मग ओशाळून टकटक करतो. शिकू द्या त्यालाही.

थोर मंडळींनो, तुम्हीही शिका. लेकीच्या दाराशी थांबा. आतून 'नको' आलं तर मुकाट माघारी फिरा.

काल दुपारी पुनम दमून आली आणि आडवी झाली. मला लावलंच नाही. वाऱ्यानं दार कुरकुरलं, ती जागी झाली नाही. बाकीच्या वस्तू रडतात, आम्हाला विसरले म्हणून. मी मात्र म्हणते, पोरी, रोज विसर मला. गंज चढू दे.