हाकेआधीची उसंत

चष्मेवाल्यांनी सकाळीच रेडिओ बंद केला, कंट्रोलरची चपटी पेटी खिडकीजवळ ओढली आणि मागच्या वायरी एकेक करून हलवून पाहिल्या. एकही सैल नव्हती. म्हणजे यंत्र धडधाकट होतं. लोकच बोलत नव्हते.

बायको गेल्यावर त्यांनी चष्म्याचं दुकान विकलं. घरात बोलायला भिंतीच उरल्या, तेव्हा हौशी रेडिओची परीक्षा दिली. आपण संगणकावर टाइप करायचं, कंट्रोलरने त्याची पुडकी बांधायची आणि रेडिओने ती हवेत सोडायची, असा हा उद्योग. दर दहा मिनिटांनी एक ओळ आपोआप जाईल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. आधी ‘मी नवीन आहे, कुणी आहे का?’ एवढंच. मग एकदा धीर करून त्यांनी बायकोबद्दल लिहिलं. तोवर ते कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. दिवसभर ती ओळ जात राहिली. पडदा कोरा तो कोराच.

तेव्हापासून मनात अढी बसली. माणूस एवढं सांगतो आणि कुणी हूं की चूं करत नाही.

दुपारी त्यांनी परीक्षेसाठी शिकवणाऱ्या मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, पेटी विकायची आहे. गिऱ्हाईक असलं तर सांगा.”

“अहो, इतक्यात? झालं काय?”

“कुणी बोलत नाही.”

मास्तरांनी विचारलं, “मॉनिटर चालू आहे का?”

“आहे की. त्याच्यासमोरच बसलोय.”

“पडदा नव्हे हो, कंट्रोलरमधला मॉनिटर. तो बंद असला, तर इतरांचं बोलणं पेटी तुम्हाला दाखवतच नाही. आणि पाठवण्याआधीची उसंत किती ठेवलीय?”

चष्मेवाल्यांनी आकडा वाचून दाखवला.

“फारच कमी. रेडिओला जोर धरायला क्षणभर लागतो. तुमची पेटी त्याआधीच बोलायला लागते. ऐकणाऱ्याला नुसती टरटर, अक्षर एक नाही.”

“म्हणजे आजवर माझं कुणी...”

“वाचलं नसणार. मनाला लावून घेऊ नका.”

त्यांनी फोन ठेवला. इतके दिवस ज्यांच्यावर रुसून होते, त्या लोकांपुढे त्यांना ओशाळल्यासारखं झालं. चष्मा काढून त्यांनी उगाचच पुसला. मग उसंत वाढवली, मॉनिटर चालू केला आणि रेडिओ लावला.

हिरवा दिवा लुकलुकला. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. अक्षरं इंग्रजी, भाषा आपलीच. कुणाची अँटेना वाऱ्याने वाकली होती, कुणाचा गुडघा धरला होता. मग दोघांचं बोलणं आलं.

‘आज टरटऱ्या गप्प आहे. सकाळपासून आला नाही.’

‘मीही तेच म्हणतेय. आजारी नसेल ना? जेवल्यावर त्याची टरटर झाली की मी गोळ्या घेते. आज विसरले.’

‘पत्ता ठाऊक असता, तर डोकावून आलो असतो.’

‘सवय झाली होती हो. घर अगदी मुकं वाटतंय.’

चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. टरटऱ्या म्हणजे कोण, हे कळायला तेवढा वेळ लागलाच. मग एका बोटाने त्यांनी टाइप केलं, ‘टरटऱ्या तो मीच. बरा आहे. सेटिंग चुकलं होतं.’ लाल दिवा पेटला, पेटी किंचित थांबली, आणि मगच बोलली.

पडद्यावर नवी ओळ उमटली.

‘आलं. स्वच्छ आलं,’ बाईंनी लिहिलं. ‘गोळ्याही घेतल्या. इतके दिवस काय सांगत होतात?’

‘विशेष काही नाही,’ त्यांनी टाइप केलं. बोट एंटरवर गेलं, तिथेच थांबलं. एकेक अक्षर मागे घेत त्यांनी ती ओळ पुसली आणि खुर्ची पुढे ओढली.

‘आमची ही गेली. वेळ असेल तर सांगतो.’

‘सांगा,’ उत्तर आलं. ‘थांबा, गॅस बंद करून येते.’